आईचा हिरवा टँक

भूतखेत, बाहेरची बाधा असलं काही मी मानत नाही. चौकातलं लिंबू-मिरची ओलांडत नाही, सरळ तुडवून जाते – धुळ्याला माझ्या सासूबाईंना विचारा, त्यांनी कपाळावर हात मारून घेतलाय. त्यामुळे इथे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

माहेर चोपड्याचं. शाळेत असताना आबांनी आम्हा भावंडांना टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आणला. नाव आमचं, नाद त्यांना. केळीच्या बागेतून आले की हातपाय धुऊन थेट टँकच्या गेमवर. पिवळा टँक आबांचा, हिरवा आईचा. आई गोळी म्हणून मारायची नाही. खाली आपलं ठाणं असतं, त्याच्या दारात टँक लावून बसायची. "घर सांभाळायला कोणीतरी नको?" म्हणायची. आणि ताटं वाढायची वेळ झाली की वर येऊन आबांच्या टँकला आडवी उभी राहायची. आबा गेम थांबवून उठेपर्यंत हलायची नाही. आम्ही हसून हसून लोळायचो.

मग एका दसऱ्याला आईने कहर केला. ट्रॅक्टर, शिलाई मशीन, विळे यांच्या ओळीत गेमचा सेटही पुजला. नुसता पुजला नाही, दुसरा रिमोट जिथे लावतात त्या खाचेत चिमूटभर हळदकुंकू भक्तिभावाने सोडलं! त्या दिवसापासून दुसरा रिमोट मेला तो मेलाच. मग आबा एकट्याचाच गेम लावायचे, हिरवा टँक पडद्यावर येईनासा झाला.

आई गेली. पाठोपाठ आबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, वापरला तर हात परत येईल. पण आबांनी मनानेच हात सोडून दिला होता. भरवलेलं चालायचं नाही, डाव्या हाताने जेवायचं नाही – दोन घास खाऊन ताट सरकवायचे. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. मला रात्र रात्र झोप लागायची नाही.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी गेले. आईच्या नावाची पहिली घागर भरायची होती. सकाळी घागर पुजली, विस्तवावर पितरांच्या नावाची आगारी टाकली. स्वयंपाकाला वेळ होता, वहिनी खापरावर पुरणाचे मांडे टाकत होती. आबा कोपऱ्यात बसलेले. त्यांचं मन रमावं म्हणून संजूने, माझ्या भावाने, माळ्यावरून सेट काढला, वायरी टीव्हीला जोडल्या. चालू झाला, हेच नवल! रिमोट आबांच्या मांडीवर ठेवला, उजवा हात त्यावर नुसता टेकवला. दिशा डाव्या हाताने ते देणार, गोळीचं बटण मी दाबणार.

मी एकाच खेळाडूचा गेम लावला. पडद्यावर दोन टँक आले.

संजू म्हणाला, चुकून दोन लावलेस. मी बंद करून पुन्हा लावला, त्याच्या डोळ्यांसमोर. पुन्हा दोन. हिरवा टँक हळूच सरकला आणि ठाण्याच्या दारात जाऊन बसला. दुसरा रिमोट? तो माळ्यावरच्या खोक्यात होता, कोणी काढलाही नव्हता.

कचरा बसला असेल, बिघडलं असेल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. आबा खेळत राहिले. या गेमची भिंत अन् भिंत आम्हाला पाठ, पण असलं काही कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात वहिनीने आतून हाक मारली, ताटं वाढलीत. हिरवा टँक दारातून निघाला, भिंतींना वळसा घालत वर आला आणि आबांच्या टँकला आडवा उभा राहिला.

मी घाबरून हात काढून घेतला. आबांनी डावीकडे, उजवीकडे जाऊन पाहिलं. तो वाट देईना. मग आबा हसले... आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

"बाजूले व्हय ना वं," ते पडद्याला म्हणाले. "ऊठस मी."

आणि त्यांनी गेम थांबवला. ते बटण उजव्या अंगठ्याखाली असतं. अंगठा थरथरत उचलला गेला आणि दाबला गेला, मी आणि संजूने पाहिलं. मला रडू आवरेना.

आबा पानावर बसले. उजव्या हाताने मांडा आमरसात बुडवला. निम्मा रस धोतरावर सांडला, पण ताट त्यांनी स्वतः संपवलं.

आता ते आपल्या हाताने जेवतात. शर्टाचं वरचं बटण तेवढं अजून लागत नाही. हात कसा परत आला ते डॉक्टर समजावून सांगतात आणि ते मला पटतं. टँकचं मात्र कोणी सांगू शकलेलं नाही. हिरवा टँक नंतर एकदाही आला नाही. संजूने सेट दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने खाच उघडली तर आत हळदीचा खडा झालेला. म्हणाला, यातून करंट जाणं शक्यच नाही, साफ करून देऊ का?

संजूने आबांना विचारलं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुनी मायनं शे ते."

मी अजूनही असलं काही मानत नाही. पण त्या दुपारी जे कोणी होतं, त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. हळद तशीच आहे.