फिलदेल्फिया आणि नव्याचा घास

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सात मंडळ्यांना पत्रं आहेत, म्हणजे सात गावांतल्या ख्रिस्ती समूहांना, त्यांतली एक फिलदेल्फिया शहराची. नाव ग्रीक, अर्थ भावावरचं प्रेम. गोंदियातल्या आमच्या लहानशा प्रार्थनाघरात रविवारचा पाठ मी घेतो, आणि गावांच्या नावांचे अर्थ सांगायची मला भारी हौस. लोक जांभया देतात, तरी मी सोडत नाही. मागच्या वर्षी मात्र याच नावापाशी माझं गाडं अडलं. भावाच्या प्रेमावर मी काय कपाळ बोलणार? माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नव्हता.

नवेगाव बांधजवळच्या आमच्या घरी नवं धान आलं की त्याचा पहिला भात घरातल्या सगळ्यांनी एका ओळीत बसून खायचा. थोरल्याने घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. मी बाप्तिस्मा घेतला आणि दादाने त्या ओळीतून माझा पाट काढला. शेतीचा, घराचा वाटाही गेला, त्याचं मला काही वाटलं नाही. त्या पाटाचं फार लागलं.

मग धान निघालं आणि वहिनीचा फोन आला. "तुमचे दादा बलावून राहिले. नवं खायाले या."

घशाच्या कॅन्सरने दादाची पार रया गेली होती. त्याच्या शेजारी माझा पाट मांडलेला होता. मी बसलो तसा म्हणाला, "काय शिकवून राहिला आता लोकाइले?"

मी फिलदेल्फिया सांगितलं. तिकडे एक राजा होता. तो मारला गेला अशी बातमी आली, म्हणून धाकट्या भावाने मुकुट घातला. थोरला जिवंत परतला, तेव्हा धाकट्याने मुकुट निमूट काढून दिला. या धाकट्याला लोक भावावर प्रेम करणारा म्हणत, आणि त्यावरूनच शहराला नाव पडलं. शहर थोरल्याने वसवलं की धाकट्याने, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.

"वापस देल्ला त्यानं?" दादाने विचारलं.

"देल्ला."

दादाने माझ्या पाटाकडे बघितलं. "मंग म्या काऊन नाही देल्ली तुही जागा तुले?"

त्याला गिळता येत नव्हतं. त्याने भाताची चार शितं ओठांत धरली आणि मला हाताने खूण केली, खा. मी रडत रडत खाल्लं.

होळीच्या आधी दादा गेला.

यंदा नवं आलं तेव्हा वहिनीने माझा पाट ओळीच्या टोकाला, दादाच्या जागी मांडला. मी नको म्हणालो.

"थोरले आता तुमीच ना," ती म्हणाली. "तुमी घास घेतल्याबिगर लेकरं कसे खातीन?"

पुतणे ताटापुढे हात आवरून बसले होते. मला माझी जागा हवी होती, दादाची नको होती. पण पोरं भुकेली होती, म्हणून मी घास घेतला.