फोटोतली सुरेखा

सकाळपासून ग्रुपवर फिरतोय तो फोटो सुरेखाचा नाही.

तो मी केलेला आहे.

सुरेखा माझी नणंद. काल दुपारी गेली. शुगर होती, किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

फोटोचं मात्र मलाच सांगावं लागेल.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. ह्यांनी वर्कशॉपसाठी कॉम्प्युटर घेतला आणि घरातच ठेवला. दुपारी तो माझा असायचा. कुणीतरी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर सीडीवर कॉपी करून दिलं.

शिकवणारं कुणी नव्हतं. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर हेल्प वाचायची, वहीत मराठीत उतरवायची आणि एकेक बटण दाबून बघायचं. कधी सगळा फोटो निळा व्हायचा, कधी गायबच.

सुरेखा शेजारी स्टुलावर बसून बघायची. शिवाजी पेठेतल्या त्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तीच माझी मैत्रीण.

सासऱ्यांच्या जुन्या फोटोत चेहऱ्यावरून घडी गेली होती. ती पुसली तेव्हा ही केवढ्यानं ओरडली!

"वैनी, आबा जिवंत झाले की वो!"

इतकं कौतुक मला शाळेतही कुणी केलं नव्हतं.

मग कागलच्या एमआयडीसीतल्या एका मुलाचं स्थळ आलं. आधी फोटो पाठवा म्हणाले.

सुरेखा काळी होती. सावळी नाही, निमगोरी नाही. ते शब्द आम्ही बायोडेटात लिहायचो. हनुवटीवर सायकलवरून पडल्याचा व्रण होता. हसली की तो आधी हसायचा.

सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या त्या मशीनमदी पोरीला जरा उजळ कर की."

"नगं, वैनी. हाय तशी जाऊ दे," सुरेखा म्हणाली.

"तू गप. हाय तशी पाच येळा जाऊन परत आलीस."

मी बसले.

खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

चेहरा उजळला, तर मान काळी राहिली. मान उजळली, तर कान. मग हात. गालाचा तुकडा घेऊन व्रणावर बसवला. दोन दुपारी लागल्या. त्या दोन्ही दुपारी सुरेखा स्टुलावर बसून होती, आणि मी तिच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

"जमलं!" मी ओरडले.

ती उठून आत गेली.

सासूबाईंनी जुनी प्रिंट फाडून टाकली. दोन फोटो घरात राहिले तर बिंग फुटेल म्हणून.

पाहुणे आले. सुरेखा ट्रे घेऊन बाहेर गेली. मुलाच्या मावशीनं पर्समधून फोटो काढला आणि तिच्या गालाला लावून धरला. बाजारात साडीला मॅचिंग ब्लाउजपीस लावून बघतात, तसा.

"ही थोरली व्हय? आता फोटोतल्या पोरीला बोलवा की."

सगळे हसले. मुलगाही.

मी दारातून म्हणाले, "स्टुडिओवाल्याचा लाइट जास्त पडला असेल."

सुरेखानं ट्रे खाली ठेवला.

"पावणं, फोटोतली आत कॉम्प्युटरात हाय. तिलाच घिऊन जावा. वैनी, पॅक करून द्या."

पाहुण्यांनी पोहे संपवले. मग फोटो तिथंच ठेवून गेले.

सासूबाई आठवडाभर तिलाच बोलत होत्या. मला एक शब्द नाही.

त्याच संध्याकाळी बशा धुताना सुरेखानं विचारलं, "वैनी, तुमाला पण मी बघवत न्हाय व्हय?"

मी बशी पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिचा आधीचा फोटो शोधायला बसले. वहीत सगळं लिहिलं होतं, 'सेव्ह ॲज' तेवढं नव्हतं. मी जुन्यावरच सेव्ह केलं होतं. मग रंग परत गडद करत बसले. राखेसारखा करडा चेहरा झाला. सुरेखा काही झाली नाही.

तिनं लग्न केलं नाही. पुढं बालवाडीत शिकवायची. पोरं अंगाखांद्यावर चढायची. पण कॅमेरा निघाला की तळहात आडवा. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये तिचा तळहात आहे.

मी छंद सोडला नाही, हेही सांगायला हवं. गल्लीतल्या आणखी मुली आल्या, त्यांच्या आया आल्या. सगळ्यांना उजळ केलं. सुरेखा चहा आणून ठेवायची आणि स्क्रीनकडे न बघता जायची.

एकदा म्हणाली, "आज कुणाला धुतलासा, वैनी?"

मी हसले होते.

काल हार घालायला फोटो हवा होता. मी तिचं आधार कार्ड काढून दिलं.

सूनबाई म्हणाली, "मम्मी, हा नको. ह्यात आत्या काळ्या दिसतात."

माझा मुलगा सासूबाईंच्या ट्रंकेतून तो दुसरा घेऊन आला. "हा बघ की! आत्या कसली भारी दिसायची!"

त्याला काही माहीत नाही. त्याला सांगणारी मी एकटीच उरले होते, आणि मी दारात उभी होते. त्या दिवशीसारखीच.

फ्रेम झाली. हार चढला. शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "देखणी होती हो पोर."

तिला अख्ख्या आयुष्यात कुणी देखणी म्हटलं नव्हतं. काल म्हटलं, तेही दुसरीलाच.

खाली लावलाय तो आधार कार्डावरचा फोटो. तिथं तिला तळहात आडवा धरू दिला नव्हता. नीट बघा, हनुवटीवर व्रण आहे. मी कशालाही हात लावलेला नाही. तुम्हीही लावू नका.

श्रद्धांजली लिहायची असेल तर ह्या फोटोखाली लिहा.

सुरेखा, आता हाय तशी जा.