शिंप्याच्या घराला कर्ज

आमचे हे शिंपी. घरीच काम, मग पगाराची स्लिप आणायची कुठून? म्हणून घरकर्ज देण्याआधी धंदा खरंच चालतो का, ते बघायला बँकेचे साहेब येणार होते. तर यांनी घर नीटनेटकं दिसावं म्हणून मशीन, कापडं सगळं शेजारी नेऊन ठेवलं!

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "शिवता कुठे?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक कडाडलं, "मास्तर, कोट कुठाय? रोज आपलं उद्या, उद्या!"

साहेब हसले. "माझाही शिंपी अस्साच," म्हणत त्यांनी 'धंदा चालू' असा शेरा मारला.

माझा जीव भांड्यात पडला. गिऱ्हाइकाला खुर्ची देत म्हटलं, "बोला भाऊ, मनात काही ठेवू नका."