धोंडबा फिटर आणि कमी पडलेलं पाणी

भिलाईच्या कारखान्यात छत्तीस वर्षं पाइप जोडून निवृत्त झालेल्या धोंडबाची एकाच गोष्टीवर गाढ श्रद्धा होती: पाण्यावर. नवी लाइन टाकली की ती पाण्यानं भरायची, दाब चढवायचा, पंप बंद करून गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा घसरला म्हणजे गळती. ती शोधायची, पुन्हा भरायचं. बायको सत्यशीला असेपर्यंत संसारही साधारण याच पद्धतीनं चालला.

त्यामुळं मुलगी संघमित्रा पाचव्या महिन्यात माहेरी वैशाली नगरला आली आणि सोनोग्राफीत ‘बाळाभोवती पाणी कमी’ निघालं, तेव्हा उपाय फक्त धोंडबाला ठाऊक होता. पुढच्या तपासणीला आठ दिवस होते. सुपेल्याच्या बाजारातून नारळपाणी आलं. शिवाय दर तासाला तो तांब्या घेऊन दारात.

‘पे, माय.’

‘बाबा, पोटात जागा नाई आता.’

‘लाइन भरल्याबिगर प्रेशर कसं येईन?’

‘मी का पाइपलाइन हावो?’

‘मंग का हायेस?’

आठ दिवस घरात हसणं होतं. दुसऱ्या तपासणीत कळलं, गळती नव्हतीच. बाळाला मूत्रपिंडंच नव्हती.

संघमित्रा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मूत्रपिंड कसं घडतं हा धडा तिनं दर वर्षी फळ्यावर काढला होता. बापाला तो वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवला.

‘एका नळीले अंकुर फुटते, बाबा. तो बाजूच्या पेशींच्या ढिगात शिरते, फांद्या फोडते. त्याची हाक आली का ढिगातल्या पेशी एकमेकींले धरून गोल बसतात. आतली बाजू कोणती, बाहेरची कोणती, त्याहीले बराबर समजते. मधात पोकळी होते. झाली नळी.’

‘वेल्डिंग?’

‘नसते. सीमलेस. जोडच नाई.’

धोंडबानं दाद दिल्यासारखी मान डोलावली. ‘मंग?’

‘अंकुर फुटलाच नाई. बाकीच्या पेशी वाट पाहत राहिल्या.’ पेन थांबलं. ‘अन् ते पाणी आता बाळाच्या लघवीचंच असते, बाबा. किडनी नाई तं पाणी नाई. पाणी नाई तं फुप्फुसंही वाढत नाईत.’

‘एवढं माहीत होतं तं पेत कावून राहिली?’

‘तुमी देऊन राहिले होते म्हणून.’

डॉक्टरांनी दोन्ही मार्ग सांगितले, गर्भपाताचा आणि वाट पाहण्याचा. तिनं दिवस भरू द्यायचे ठरवले. पण आठव्या महिन्यातच मुलगी झाली. ती पाऊण तास जगली. जावई नागसेन रेल्वेत नोकरीला. भिलाईकडे येणारी त्याची गाडी तेव्हा राजनांदगावलाच होती. नर्सनं बाळ धोंडबाच्या हातात दिलं. पाण्याची उशी न मिळाल्यानं चेहरा दबलेला, नाक चपटं, कान खाली सरकलेले.

‘कोणावर गेली, बाबा?’ पलंगावरून संघमित्रानं विचारलं.

धोंडबानं त्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

‘तुह्यावर. तू झाली तवा हेच नाक होतं.’

असले चेहरे संघमित्रानं पुस्तकात पाहिले होते. त्यांना वैद्यकात नावही असतं. तिनं हात पुढं केले, लेकीला छातीशी घेतलं.

‘हो,’ ती म्हणाली, ‘माह्यंच हाये.’