लोण्याच्या पोटावरचं काळं

म्हसा गावची जत्रा उठली, घोंगडीवाले गेले आणि आमच्या वाडीत दुसरी जत्रा भरली. रंगूच्या कुत्र्याचं पोट बघायची. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट.

रंगू बाई एकटी, पण आवाज चार घरांचा. नवरा गेल्यावर दीर म्हणाला, आमच्यात येऊन राहा. ही म्हणाली, माझी चूल मीच फुंकीन. भात लावायची, रानातून हिरडे आणायची आणि उरलेला वेळ लोण्या कुत्र्याशी भांडायची. लोण्या पांढरा, विरळ केसांचा, पोटाकडून तर नुकत्या न्हाऊ घातलेल्या पोरासारखा गुलाबी. रानडुकरं तिच्या शेताकडे फिरकत नसत ती त्याच्यामुळे. दुसरी राखण तिच्याकडे नव्हतीच.

ते गुलाबी पोट माघात काळं पडायला लागलं. पहिल्यांदा दिसलं शेजारच्या ठमीला. ठमीला दिसलं म्हणजे दुपारपर्यंत मुरबाडच्या बाजाराला कळलं असं समजा. त्यात खर्डीकडे पिसाळलेलं कुत्रं माणसांना चावलेलं, लोक आधीच बिचकलेले. धाऊ भगताने लांबूनच निदान केलं. लांबूनच, कारण त्याला कुत्र्यांची भीती वाटे आणि हे कुत्र्यांनाही ठाऊक होतं. तो म्हणाला, काळं खालून वर चढतंय, गळ्याला लागलं की हा पिसाळणार. वाडीने ठरवलं, उद्या दांडक्याने निकाल लावायचा.

रंगू रडेल म्हणून आम्ही कुंपणाशी उभे. ती कसली रडते! लोण्याला धरून तिने राखेने खसाखसा घासला. काळं हलेना. ही खबर ठमीने फार आनंदाने पोचवली.

मग रंगूने त्याचं तोंड उघडून बघितलं. हिरड्या लालचुटूक. कान उलटून बघितले, तेही गुलाबी. आणि कुशीवर काळं जिथे थांबलं होतं तिथे सुताने आखल्यासारखी सरळ रेघ. रोग काय दोरी धरून चढतो काय, असं पुटपुटत ती दिवसभर त्याच्या मागे फिरली. ऊन तापलं तसा लोण्या परसात गेला. तिथे एक गंजकी लोखंडी काहील पडलेली, तिच्यात पाणी साचलेलं आणि रंगूनेच त्यात फेकलेले नासके हिरडे. लोण्या आत शिरून आरामात बसला. शाईसारखं काळं पाणी बरोबर त्या रेघेपर्यंत आलं.

रंगूने अशी किंकाळी फोडली की आम्हाला वाटलं, चावला! सगळे दांडकी घेऊन धावलो. धाऊ मागून, जरा सावकाश.

तिने कुणाला काही समजावलं नाही. सरळ धाऊचं मनगट धरलं आणि त्याचा पंजा उघडून सगळ्यांपुढे केला. काळाकुट्ट, नखांसकट.

"भगतदादा, ह्ये काळं कवा चढलं?"

"ह्ये व्हय? कोयत्यान हिरडे फोडून. हिरड्याला लोखंड लागलं का काळं सुटतं. दर साली व्हतं गो. साबनान जात नाय, कातडी उतरली का जातं."

"मंग तुमी कवा पिसाळताय?"

कुणी हसेना. जो तो आपले तळवे बघत होता. हिरड्यांचे दिवस, सगळ्या वाडीचे हात काळे! ठमीने तर दोन्ही हात पदराखाली घातले. मग मात्र असा हशा उसळला की लोण्या काहिलीतून उडी मारून पळाला.

पण भगताने हार मानली तर तो भगत कसला? पोट गुलाबी होईपर्यंत कुत्रं बांधलेलं राहील, असं त्याने फर्मावलं. रंगूने काहील उपडी केली. रोज सकाळी वाडी पोट बघायला हजर. लोण्याला याची इतकी सवय झाली की माणूस दिसला की पाय वर करून पसरायचा. जांघेतून कोंडा झडू लागला, खालून गुलाबी दिसू लागलं.

होळीच्या तोंडावर धाऊ स्वतः आला. जन्मात पहिल्यांदा कुत्र्याच्या पोटाला बोट लावलं. लोण्याने त्याचा हात चाटला, तसा धाऊ उडाला तो थेट कुंपणापलीकडे.

"सोड त्याला," तो तिकडूनच म्हणाला, "पन मी घरी पोचल्यावर."