दात पडायच्या आधीची चाल

मास्तर क्लॅरिनेट तोंडाला लावायच्या आधी अंगठ्याने वरचा पुढचा दात हलवून बघायचे. "हाय अजून," म्हणायचे आणि मगच फुंकायचे.

करावे गावातल्या लग्नाच्या बँडचे ते मास्तर. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्याशिवाय हळद लागत नाही. क्लॅरिनेट वाजवताना तिच्या तोंडावर वरचे पुढचे दात टेकवावे लागतात, आणि मास्तरांच्या वरच्या पंगतीतले तेवढे दोनच उरले होते. जन्मभर लावलेल्या मशेरीची कृपा. हळदीची एक चाल त्यांनी स्वतः बसवली होती. ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती आणि उचलू शकेल असा त्यांचा पुतण्या नोकरीला मस्कतला. दात आहेत तोवर चाल टेपवर घ्यायची आणि त्याला पाठवायची, एवढाच त्यांचा हट्ट होता.

माझ्याकडे मेहुण्याने दुबईहून आणलेला टेप होता. आम्हा गावाशेजारच्या फ्लॅटवाल्यांना मशीनमधलं सगळं कळतं, अशी गावाची समजूत. मला कॅसेट उलटी करण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण तसं सांगायचीही लाज वाटली.

पहिल्या रविवारी दुपारी त्यांच्या अंगणात गेलो. माइक नवा, म्हणून आधी पूजा. मी कॅसेट शोधतोय तोवर मास्तरांनी माइकच्या जाळीवर हळदकुंकू वाहिलं आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं. टेपवर नुसती खरखर आली, कढईत पापड तळल्यासारखी. घरी येऊन दाताच्या ब्रशने कुंकू काढत बसलो. बायको म्हणाली, आता माइकला ओवाळायचं तेवढं राहिलं.

दुसऱ्या रविवारी खरखर गेली, पण नवंच दुखणं निघालं. ढोलाचा ठोका पडला की क्लॅरिनेट गायब. दोन-तीन सूर गिळले जायचे, मग हळूहळू वर यायची, तोवर पुढचा ठोका. माइक मास्तरांच्या अगदी तोंडाशी धरला तर त्यांचा श्वासच जास्त ऐकू यायला लागला. मी म्हटलं, ढोल न वाजवता एकदा होऊ द्या.

"ढोल नाय तं ती हलद कसली, सायेब?"

मग ढोल घरामागे नेऊन ठेवला. ढोलवाला त्यांचा चुलतभाऊ, त्याला तो अपमान वाटला. वाजवता वाजवता एकेक पाऊल पुढे सरकत क्लॅरिनेट सुरू व्हायच्या आतच तो माइकशेजारी येऊन उभा. मी कॅसेट ऐकली, डोक्याला हात लावला. पुढच्या रविवारी वाशीचा रेडिओवाला घेऊन येतो म्हणालो.

गुरुवारी मास्तर माझ्या दारात आले, तोंडावर टॉवेल धरून. भाकरी खाताना दोन्ही दात गेले होते.

"जे हाय तेच मस्कतला धारा," एवढंच म्हणाले. चहाही घेतला नाही.

तीच कॅसेट मस्कतला गेली. रेडिओवाल्याने मागाहून सांगितलं, मोठा आवाज आला की असले टेप आपणहून सगळाच आवाज खाली घेतात. ढोल दहा हात लांब राहिला असता तर झालं असतं. मी हे मास्तरांना सांगितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. वर्षभरात ते गेले.

पुढे पुतण्या परत आला आणि बँड त्याने हातात घेतला. गावातल्या एका हळदीला मला बोलावणं होतं. त्याने तीच चाल सुरू केली. पोराचा हात गोड, फुंक दमदार. आणि ढोल पडला की तो थांबायचा. दर ठोक्याला दोन-तीन सुरांची जागा रिकामी. कॅसेटवर होतं तेवढं त्याने इमानाने उचललं होतं. माणसं माना डोलवत होती.

मला राहवलं नाही. वाजवून झाल्यावर त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, बाबा रे, तिथे सूर आहेत, माझ्या मशीनने खाल्लेत. त्याचा चेहरा उतरला. त्याने बँडवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही आपले ठोका सांभाळत होतो, मास्तर काय फुंकतात इकडे कुणाचं लक्ष? मग तो माझ्याकडे वळला.

"तुमी तं समोर बसून ऐकलंय, सायेब. गुनगुनून दावा ना. मी लगेच बसवतो."

दोन रविवार मी मास्तरांसमोर हातभरावर बसलो होतो. आठवायला गेलो तर टेपवरचा लाल दिवा आठवला, माइकची वायर आठवली, त्यांचे फुगलेले गाल आठवले. पोरगा क्लॅरिनेट तोंडाशी धरून वाट बघत उभा होता, आणि मला एकही सूर आठवेना.