फोटोला टोपी चालत नाही

पर्थच्या हॉस्पिटलमधून लेकीचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये आमटीला फोडणी देत होतो. तिला आठवा महिना. अंगावरून रक्त जायला लागलं म्हणून डॉक्टरांनी दाखल करून घेतलं होतं आणि उद्या सकाळी सिझेरियन करू म्हणत होते. जावई मरीन इंजिनिअर, त्याचं जहाज भर समुद्रात. तो येणार कसा? "बाबा, तू ये," एवढंच ती म्हणाली. मी गॅस बंद केला आणि रात्रीच्या विमानाचं तिकीट काढलं.

तिकीट मिळालं, घोडं अडलं परवान्यावर. पासपोर्ट सिंगापूरचा असला तरी ऑस्ट्रेलियात उतरायचं तर मोबाइलच्या अ‍ॅपवरून ई-परवाना घ्यावा लागतो, त्याशिवाय विमानात पाय ठेवू देत नाहीत. मागच्या खेपेला लेकीनेच इथे येऊन माझा आणि तिच्या आजोबांचा परवाना माझ्या फोनवर काढून दिला होता. त्याची मुदत संपली होती, आणि आता सगळं मलाच करायचं होतं.

त्यात घरात एक वेगळीच गोष्ट झाकून ठेवलेली. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, गेले होते. आदल्या दिवशीच त्यांचा तेरावा झाला होता, आणि लेकीला आम्ही अजून काही सांगितलं नव्हतं.

ही माझ्या थोरल्या बहिणीची आज्ञा. ताई जवळच पासिर रिसला राहते आणि तिथून माझं घर चालवते. पोटुशी पोर आहे, धक्का घेतला तर काय करशील, बाळंत होऊ दे मग सांगू, असं तिने मला दटावलं. मलाही पटलं. लेकीची आई ती पहिलीत असतानाच गेली, मी दिवसभर ऑफिसात आकडेमोडीत. तिला वाढवलं ते माझ्या वडिलांनी. वाकड्यातिकड्या वेण्या घालून शाळेच्या बसला सोडायचे, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत इमारतीखाली उभे राहायचे. त्यांच्या जाण्याची बातमी तिला फोनवर कोणत्या तोंडाने सांगायची? मग सुरू झाल्या थापा. आजोबा झोपलेत, आजोबा फिरायला गेलेत, कानाचं यंत्र दुरुस्तीला दिलंय. मी मुळात तापट, त्यात खोटं बोलायची सवय नाही. दर थापेला उगाच तिच्यावर खेकसायचो, आणि ती बिचारी म्हणायची, बाबा, बीपी तपासून घे.

व्हिडिओ कॉल तर मी टाळतच होतो. वडील गेल्यावर रीतीप्रमाणे मी डोकं आणि मिशी उतरवली होती. मार्केटमधल्या चिनी न्हाव्याने दोनदा विचारलं, अंकल, मिशीपण? त्याला काय सांगणार? आमच्यात बाप असताना मिशी काढत नाहीत, आणि लेकीला हे पक्कं ठाऊक होतं. लहानपणी 'बाबाची मिशी काढून टाकू या' म्हणून तिने हट्ट धरला तेव्हा आजोबांनीच तिला सांगितलं होतं, मी आहे तोवर ते जमायचं नाही. माझं तोंड तिला दिसलं असतं की संपलंच.

अ‍ॅपने पासपोर्टचं पान वाचलं, आतली चिपही वाचली. मग स्क्रीनवर एक गोल आला, त्यात चेहरा धरायचा होता. धरला. जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला, पुन्हा तेच. बॅग भरायला आलेली ताई म्हणाली, पासपोर्टवर मिशी आहे ना तुझी, म्हणून ओळखत नसेल. मी तिच्यावर ओरडलो, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. दुपार कलली तरी परवान्याचा पत्ता नव्हता. त्या पोरीजवळ आपलं म्हणावं असं एक माणूस नाही, आणि मी इथे फोनला तोंड दाखवत बसलोय!

तेवढ्यात तिचाच फोन. झालं का? नाही म्हटल्यावर ती म्हणाली, लॅपटॉपवर व्हिडिओ लाव, फोन कसा धरतोयस ते बघू दे, होईल लाह. पर्थला जाऊनही तिचं हे सिंगापुरी 'लाह' सुटलं नव्हतं. तिला टाळायला आता माझ्याकडे थाप उरली नव्हती. ताईने चटकन तिच्या नातवाची, इथे राहिलेली क्रिकेटची टोपी माझ्या डोक्यावर दाबली आणि हातात मास्क दिला. सर्दी झालीय म्हणून सांग, असं कुजबुजली. कोंबडं झाकून काय होणार, पण मी तसाच बसलो.

पडद्यावर लेक दिसली. चेहरा सुजलेला, हाताला सलाईन, मागे कुठलं तरी यंत्र टिकटिक करत होतं. मला बघून हसली. मग म्हणाली, "बाबा, आधी आजोबांचा परवाना कर. अ‍ॅपमध्ये तुझ्या नावाखालीच त्यांचं नाव आहे बघ. ते आले ना, की मला काही होणार नाही."

लॅपटॉपमागे उभी राहून ताई जोरजोरात मान हलवत होती. मी टोपी आणखी खाली ओढली.

"आणि फोटोला टोपी चालत नाही," लेक म्हणाली. "मास्कपण काढ."

मी टोपी काढली. मग मास्क काढला.

तिची नजर माझ्या डोक्यावरून ओठांवर आली. यंत्राची टिकटिक वाढली. नर्स धावत आली.

"कधी?" लेकीने विचारलं.

मी सांगितलं. झोपेत गेले, त्रास झाला नाही, हेही सांगितलं. ती रडली, पोटावर हात ठेवून खूप रडली. मी इतक्या लांबून काय करणार, नुसता बघत होतो. नर्स फोन बंद करा म्हणायला लागली तेव्हा तिने मान हलवली आणि तिला इंग्रजीत सांगितलं, माझ्या बाबांना यायचंय, दोन मिनिटं द्या. मग नाक पुसून माझ्याकडे वळली.

"खिडकीकडे पाठ करून बसलायस, बाबा. तोंडावर उजेड कुठे आहे? इकडे फिर. हनुवटी वर घे."

मी फिरलो. पहिल्याच फटक्यात चेहरा जुळला. मिशीचा काही संबंधच नव्हता. चहा होईपर्यंत परवाना आला.

निघताना ताई टोपी घेऊन दारात उभी. विमानात गार असतं, घाल म्हणाली. मी नको म्हटलं आणि तसाच टॅक्सीत बसलो.

सकाळी पोचलो तेव्हा तिला ऑपरेशनला न्यायची तयारी चालली होती. मी जवळ जाऊन वाकलो. लहानपणी ती आजोबांच्या टकलावरून हात फिरवायची, तसा तिने माझ्या डोक्यावरून फिरवला, आणि मग मला रडू आवरलं नाही. तिला आत नेल्यावर मी दाराशी बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने आतून माझ्या नातीचं रडणं ऐकू आलं.